बिनखुणेची खुंटी

वीज गेली तरी लेथ लगेच थांबत नाही. आधी त्याचा आवाज खाली उतरतो, मग पट्टा फडफडतो, आणि फिरणारं लाकूड उगाच मान राखायचा म्हणून आणखी थोडं फिरत राहतं. तेवढ्यात पटाशी मागे घेतली तर घेतली, नाहीतर धार लाकडात रुतते आणि सकाळपासूनचं काम सरपणात जातं. थोरल्याला हे अंगानेच कळायचं. वीज जायच्या आधी यांचा हात मागे येतो, असं त्याची बायको शेजारणींना सांगायची. पण त्या वर्षी धरणं आटली होती आणि वीज इतक्या वेळा जायला लागली होती की हात मागे घेता घेता माणूसच मागे पडत चालला होता.

गल्लीत त्याला कातारी म्हणत, घरात थोरला. लाकूड कातून खुर्चीचे पाय, पलंगाचे खूर, जिन्याच्या कठड्याचे खांब करायचे, हा बापाचा धंदा त्याने पुढे चालवला होता. आता लोक कारखान्यातला तयार माल घेत आणि वर्षभराने मोडलेला पाय जोडायला याच्याकडे आणत. अशात एका मोठ्या वसतिगृहाच्या सगळ्या जिन्यांच्या खांबांचं काम त्याला मिळालं. असं काम बापाच्याही हयातीत कधी दारात आलं नव्हतं. ते वेळेत झालं तर पुढच्या इमारतीचंही तुलाच, असं मुकादम म्हणाला होता. नाही झालं तर काय, ते त्याने सांगितलं नाही, पण जाताना एका खांबावर नख मारून बघितलं आणि म्हणाला, "हाताचं काम छान असतं रे. फक्त हात किती वाजता येतो, ते कळलं पाहिजे."

ऊन वर चढलं की वीज जायची आणि कामाची वेळ उलटली की लाजत लाजत परत यायची. मग थोरल्याने बापाचं जुनं दोराचं लेथ माळ्यावरून खाली घेतलं. त्यात लाकडाला दोराचा वेढा द्यायचा, एकाने दोर मागे-पुढे ओढायचा आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. दोर ओढायला बायको. लाकूड कधी इकडे फिरणार, कधी तिकडे, म्हणजे अर्धं ओढणं कामाचं आणि अर्धं फुकट. चार दिवसांत तिचा उजवा खांदा सुजला. तिने कधी हाय म्हटलं नाही, पण वेणी घालताना हात वर जाईना, म्हणून ती केस नुसतेच मागे बांधायला लागली. थोरल्याने ते पाहिलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दाराशी ओंडक्यावर त्याचा म्हातारा बसलेला असायचा. डोळे अधू झाले होते, गुडघे गेले होते, पण हात अजून शाबूत. उजव्या हाताचा अंगठा तर चमच्यासारखा रुंद आणि चपटा. म्हाताऱ्याला दोन मुलगे. थोरल्याला त्याने हत्यारं दिली आणि धाकट्याला लाड. धाकट्याने आधी कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. मग भाड्याच्या सायकली, त्या गेल्या त्या गेल्याच. मग मोबाईलची कव्हरं. आता बसस्थानकाजवळ त्याने झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं आणि तिथेही विजेचीच बोंब होती. म्हातारा म्हणायचा, "त्याचं नशीबच आडवं फाटलंय." थोरल्याच्या नशिबाबद्दल तो कधी काही बोलला नव्हता. उभ्या खांबाकडे कोण बघतं?

"पत्र्यावर फुकट ऊन पडतंय आणि तू बायकोला घाण्याला जुंपलंयस," असं एक दिवस झटक्या म्हणाला.

झटक्या म्हणजे गल्लीतला वायरमन, थोरल्याचा शाळेपासूनचा मित्र. लहानपणी तारेला हात लावून उडाला होता, तेव्हापासून हे नाव. त्यानंतर माणूस विजेपासून लांब राहिला असता, तर हा तिच्याशीच सोयरीक जुळवून बसला.

"सोलर? ते बंगल्यांवर असतं," थोरला म्हणाला.

"बंगल्यावर कंपनी येऊन बसवते. आपण आपलं आपण बसवू. पॅनल जुने आणू, शहरात एका इमारतीवरून उतरवलेत, धडधाकट आहेत. बॅटऱ्या मात्र नव्या. म्हातारा बैल उन्हात उभा राहू शकतो, ओझं ओढायला जवानच लागतो."

पैशांचा प्रश्न म्हाताऱ्याने सोडवला. माळ्यावर सागवानाच्या फळ्या होत्या, त्याच्या जवानीत घेतलेल्या, तेल पिऊन काळ्या झालेल्या. दोघा मुलांच्या संसाराला होतील म्हणून त्याने त्या कधी विकल्या नव्हत्या. "विक," तो म्हणाला. "लाकूड तरी कशासाठी असतं?" थोरल्याला भरून आलं. त्या फळ्यांवर त्याचा जीव होता, पण बापाने आपल्या कामासाठी त्या काढून दिल्या, याचं सुख त्याहून मोठं होतं. एक फळी त्याने मागे ठेवली.

मग कामाला लागले. पॅनलसाठी लोखंडी सांगाडा आणायचा होता, थोरला ऐकेना. सुताराच्या घरावर लोखंड? त्याने लाकडाचा केला, खाचेत लाकडी कुसू घालून पक्का. वर पत्रा असा तापलेला की गुडघ्याखाली ओलं पोतं टाकल्याशिवाय बसता येईना. दिशा बघायला झटक्याने एका फळकुटावर सरळ उभा खिळा ठोकला आणि ते पॅनलवर ठेवलं. "भर दुपारी याची सावली नाहीशी झाली पाहिजे. मग ऊन अगदी तोंडावर पडतंय असं समज." थोरल्याला हे फार आवडलं. काटकोन बघायचा गुण्या लावल्यासारखा तो पाचरी सारत बसला, सावली खिळ्याच्या बुडात शिरेपर्यंत. तारा जोडताना झटक्याने पॅनलवर जुन्या चादरी टाकायला लावल्या.

"का? लाजतात का?" बायकोने खालून विचारलं.

"वहिनी, याला बटण नसतं. ऊन दिसलं की हे चालू. उघड्यावर जोडायला गेलो तर माझं नाव दुसऱ्यांदा ठेवावं लागेल."

भांडण झालं ते बॅटऱ्यांच्या पेटीवरून. राखून ठेवलेल्या फळीची थोरल्याने पेटी केली, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे कोपऱ्याचे सांधे, पाणी ओतलं तरी थेंब गळणार नाही अशी. झटक्याने ती बघितली आणि म्हणाला, "हिला भोकं पाड."

"माझ्या पेटीला भोकं?"

"बॅटरी श्वास सोडते. कोंडलास तर एक दिवस झाकणासकट वर जाशील."

थोरला अर्धा दिवस पेटीकडे फिरकला नाही. मग मुकाट्याने दोन्ही बाजूंना जाळी कोरली आणि ती इतकी देखणी कोरली की झटक्याच म्हणाला, "एवढं बॅटरीला कशाला, माझ्या खिडकीला कर."

झाकणाला कुलूप नव्हतं. त्यांच्या घरात कुलूप कधी नव्हतंच, खुंटी असायची. झाकण पेटीवर बसलं की बाजूने एक बारीक खुंटी आत सारायची. ती त्याच फळीतून काढलेली, रेषेला रेष जुळणारी; बसली की कुठे आहे ते हात फिरवूनही कळायचं नाही. काढायची तर पलीकडच्या टोकाशी खिळ्याएवढं बारीक छिद्र असे, त्यातून खिळ्याने ढकलायची. ही करामत म्हाताऱ्याची. थोरल्याला खुंटी घडवता यायची, पण बसवताना शेवटच्या ठोक्याला हातोडीची एक चंद्रकोर लाकडावर उमटायचीच. म्हातारा शेवटचा ठोका मारतच नसे. तिथे अंगठा ठेवून सगळं अंग त्यावर टाकायचा, आणि खुंटी लाकडात विरून जायची. "ते सांगून येत नाही," एवढंच तो म्हणायचा. थोरला चाळिशी ओलांडून गेला, तरी आलं नव्हतं.

झटक्याने ते पाहून मान हलवली. "काढायला खिळा लागतो, बसवायला बाप लागतो."

बॅटऱ्या पेटीत ठेवण्याआधी थोरल्याने एक उद्योग केला. जे तुकडे एकमेकांशेजारी बसायचे त्यांवर खूण करायची ही सुताराची सवय. त्याने टोच्या घेतला आणि बॅटऱ्यांच्या आतल्या अंगांवर, एकमेकींना चिकटणाऱ्या बाजूंवर, अर्धा अर्धा त्रिकोण ओरखडला. झटक्या खो खो हसला. "या काय खुर्चीचे पाय आहेत?"

"असू दे. कोण कुणाशेजारी, ते कळतं."

"ते बरंय. यांचं एक लक्षात ठेव, जुनी नवी एका दावणीला बांधायची नाही. जुनी नवीला खाते."

पहिल्या दिवशी चादरी काढल्या आणि गल्लीतली वीज गेल्यावर सगळे थोरल्याच्या दारात जमले. पिठाची गिरणी गप्प, शिलाई मशीन गप्प, रेडिओ गप्प. थोरल्याने बटण दाबलं. लेथ एकदा हुंकारलं, जरा अडखळलं आणि मग सरळ सूर धरला. भुसा उडायला लागला. बायकोने दोर गुंडाळला, खुंटाळ्याला टांगला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. ती रडतेय की हसतेय ते कुणाला दिसलं नाही. धाकटाही आला होता. त्याने मोबाईल चार्जिंगला लावला आणि पेटीभोवती दोनदा फिरला.

"दादा, यावर माझं मशीन किती वेळ चालेल?"

"तुझं मशीन कागद खातं, माझं लाकूड. तुझं जास्तच चालेल," थोरला खुशीत म्हणाला. म्हातारा ओंडक्यावरून ऐकत होता.

पुढचे काही आठवडे थोरल्याच्या आयुष्यातले सगळ्यात सरळ दिवस होते. खांबामागून खांब कातून भिंतीला टेकत होते. मधून मधून झटक्या यायचा, खुंटी काढून बॅटऱ्यांत पाणी घालायचा, आणि मग थोरला हातोडीने खुंटी बसवायचा, चंद्रकोरीसकट. मुकादम आला, मोजून गेला, नख मारायचं विसरला. लाकूड संपत आलं तेव्हा थोरला आणि बायको वखारीत गेले, दिवसभरासाठी. म्हातारा म्हणाला, "मी आहे घरी. गुडघे काही मला पळू देत नाहीत."

त्यानंतर लेथ कण्हायला लागलं. सकाळी नीट चालायचं, दुपार व्हायच्या आत दमायचं. थोरल्याने धुळीला दोष दिला, वर चढून पॅनल पुसले. उन्हाला दोष दिला, पाचरी पुन्हा तपासल्या. आभाळ स्वच्छ होतं तरी आभाळालाही दोष दिला. म्हातारा म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस असतात." आणि मग एक दिवस मुकादम दारात उभा असतानाच लेथ मधेच ढेपाळलं. थोरल्याचा हात या खेपेला मागे आला नाही, कारण विश्वास ठेवलेला हात सावध नसतो. पटाशी रुतली, खांब तडकला, त्याचा ढलपा उडून थोरल्याच्या गालाच्या हाडावर बसला.

मुकादमाने ढलपा उचलला, उलटसुलट करून पाहिलं. "उरलेले पुढच्या सोमवारी न्यायला येतो," तो म्हणाला. "तुझे न्यायचे की कारखान्याचे, ते तू ठरव."

गालाला फडकं धरूनच थोरला पेटीपाशी बसला. झटक्याची वाट न बघता त्याने खिळा घातला आणि खुंटी ढकलली. ढकलण्याआधी त्याने त्या बाजूवरून हात फिरवला होता. लाकूड गुळगुळीत होतं, कुठे चंद्रकोर नाही. एवढ्या त्रासातही त्याला क्षणभर बरं वाटलं. जुनी खूण घासून गेली आणि या वेळी आपल्या हाताला आलं म्हणायचं, असं त्याने मनात घेतलं. मग झाकण उघडलं.

बॅटऱ्या तशाच होत्या, त्याच रंगाच्या, जवळजवळ त्याच मापाच्या, तेलाने पुसून चकचकीत केलेल्या. पण त्या जरा सैल बसल्या होत्या. त्याने पहिली उचलून बाहेर काढली. त्रिकोण नव्हता. दुसरी काढली, तिसरी काढली. एकीच्या बुडाला पोट सुटल्यासारखी फुगवटी होती.

"या आपल्या नाहीत," तो म्हणाला.

बायको खाली वाकली. तिने बोटाने बॅटरीची कड पुसली, बोटाला तेल आणि तेलाखाली गंज लागला. "आपल्या नाहीत तर कुणाच्या?"

त्याला एकच नाव सुचलं. तारा कुणाला कळतात? पेटी कोण उघडतं? जुन्या बॅटऱ्या कुणाच्या घरात पडलेल्या असतात? रागाला हिशेब फार पटकन जमतो. पायात चप्पल न घालताच तो चौकात गेला. झटक्या विजेच्या खांबावर होता, पट्ट्याने कंबर बांधून. खाली चहाच्या टपरीवर पाच-सहा माणसं होती.

"खाली ये," थोरला ओरडला. "कुणाला विकल्यास माझ्या बॅटऱ्या?"

झटक्याला आधी ऐकू आलं नाही. थोरल्याने पुन्हा सांगितलं, या वेळी सगळ्यांना ऐकू येईल असं. माझ्या घरचं पाणी प्यायलास आणि माझ्याच घराचे वासे मोजलेस. केसाने गळा कापलास. टपरीवरचा चहा थांबला. झटक्या सावकाश खाली उतरला, पट्टा सोडला, खांद्यावरची पिशवी काढली आणि थोरल्याच्या पायाशी उलटी केली. पक्कड, टेस्टर, टेपची गुंडाळी, भाकरीचा डबा, बिड्यांचं बंडल.

"बघून घे," तो म्हणाला. "घरी चल, तिथलंही बघून घे."

"खुंटी तुलाच काढता येते."

"काढता येते. चल, मीच काढली असं धर." झटक्याचा आवाज चढला नाही. "बसवली कुणी?"

 गुळगुळीत लाकूड थोरल्याच्या तळहाताला पुन्हा लागल्यासारखं झालं. झटक्या खाली वाकून एकेक वस्तू पिशवीत भरत होता, आणि डब्याचं झाकण निसटून गेलं होतं ते कुणीतरी टपरीवरून आणून दिलं. थोरल्याने वाकून मदतसुद्धा केली नाही. तो घरी आला.

म्हातारा ओंडक्यावर होता. थोरल्याने मोकळं झाकण पेटीवर ठेवलं आणि खुंटी त्याच्यापुढे धरली.

"बाबा, एवढी बसवून द्या. माझ्या हाताची खूण उमटते."

म्हाताऱ्याने खुंटी घेतली. ओंडक्यावरून उठला, पेटीला धरून खाली बसला. हातोडीच्या दांड्याने हलके हलके ठोकत आणली आणि मग अंगठा ठेवला, श्वास सोडत सगळं अंग त्यावर टाकलं. खुंटी गेली. थोरल्याने बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. बायको उंबऱ्यात उभी होती, तिनेही ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तेव्हाही जुनी खूण घासून अशीच बसवलीत," थोरला म्हणाला.

म्हाताऱ्याने अंगठा चोळला. "वाईट बसवायला हवी होती," तो म्हणाला. "हाताला जमलं नाही."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. थोरल्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो म्हाताऱ्यासमोर खाली बसला.

"का, बाबा?"

"त्याच्या शेजारच्या दुकानात इन्व्हर्टर आला. याच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. हेही बुडालं असतं तर तो पुन्हा उभा राहिला नसता. मी बाप आहे."

"माझाही."

"तू उभा आहेस. तुला कधी धरावं लागलं नाही."

"मागितल्या असत्या तर?"

"दिल्या असत्यास." म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "दिल्या असत्यास आणि जन्मभर त्याला ऐकवलं असतंस. आणि लाकूड माझं होतं. दोघांचं होतं."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. आपण ऐकवलं नसतं, असं तिने म्हणावं अशी त्याला फार इच्छा झाली. तिने नजर पेटीकडे वळवली.

"मी झटक्याला चौकात चोर म्हणून आलो, बाबा. तुम्ही इथे बसून मला जाताना बघितलंत."

थोरला उठला आणि तसाच अनवाणी बसस्थानकाकडे निघाला.

धाकट्याचं दुकान म्हणजे एक खोली, अर्ध्यात मशीन आणि अर्ध्यात तो. सगळा रस्ता विजेविना गप्प होता, याचंच मशीन हिरवा उजेड इकडून तिकडे सारत होतं. बाहेर रांग होती. टेबलाखाली बॅटऱ्या होत्या, उघड्याच, आणि त्यातल्या दोन अशा वळवून ठेवल्या होत्या की अर्धा त्रिकोण रस्त्याकडे बघत होता.

"दादा!" धाकटा स्टुलावरून उठला. "बस ना. अरे, गालाला काय झालं?" आणि रांगेतल्या माणसांकडे वळून म्हणाला, "हाच तो माझा भाऊ. याने दिल्या बॅटऱ्या. स्वतःचं काम बाजूला ठेवून दिल्या. भाऊ असावा तर असा."

माणसांनी वळून आदराने थोरल्याकडे पाहिलं. एका म्हातारीने तर हात जोडले.

"तुला कुणी सांगितलं, मी दिल्या म्हणून?"

"बाबांनी. म्हणाले, दादाचं मोठं काम संपत आलंय, त्याला भंगारातल्या जुन्यांवर भागेल. फक्त तू त्याच्यापुढे विषय काढू नकोस, त्याला आभार मानलेले आवडत नाहीत." बोलता बोलता धाकट्याची नजर थोरल्याच्या गालावरून त्याच्या अनवाणी पायांवर गेली आणि तिथेच थांबली. "मग मी आणि बाबांनी... तू वखारीत गेला होतास त्या दिवशी..."

धाकट्याला ते खरं वाटलं होतं, की खरं मानणं सोयीचं होतं, हे थोरल्याला कळेना. कदाचित त्यालाही माहीत नसावं. भाऊ वखारीत गेल्यावरच जी वस्तू न्यायची, ती कसली देणगी, एवढं न कळण्याइतका तो लहान नव्हता. पण रांगेत माणसं उभी होती, आणि धाकट्याच्या तोंडावर आयुष्यात पहिल्यांदाच धंदा चाललेल्या माणसाचं तेज होतं, आणि ते आता पटापट विझत होतं.

"दादा, काढू का?" तो हळूच म्हणाला. "काढून देतो. आत्ता देतो."

थोरल्याला हो म्हणायचं होतं. त्यासाठीच तो आला होता. पण रांगेतली ती म्हातारी अजून त्याच्याकडे बघत होती, आणि न दिलेल्या दानाचं ओझं त्याला उतरवता येईना. "चालू दे," तो म्हणाला आणि बाहेर पडला. त्यामुळे आपण भला माणूस आहोत असं काही त्याला वाटलं नाही. लुटलेल्या माणसाकडून वर पावतीही लिहून घ्यावी, तसं वाटलं.

वाटेत तो झटक्याच्या घरी थांबला. झटक्या अंगणात पाय धूत होता.

"चूक झाली," थोरला म्हणाला. "बाबांनी दिल्या त्या. धाकट्याला."

झटक्याने दुसरा पाय धुतला, पुसला. "मला तेव्हाच कळलं होतं, बसवली कुणी म्हटल्यावर तुझं तोंड बघून. चोर म्हणालास चौकात आणि माफी मागतोस माझ्या अंगणात. चौक अजून तिथेच आहे."

"येतो चौकात."

"ये. पण मी आता तुझ्या पत्र्यावर चढणार नाही." तो आत गेला. दार त्याने आपटलं नाही, नुसतं लोटलं.

घरी बायको वाट बघत होती. तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मागून हातगाडी येतेय का म्हणून. काही येत नव्हतं.

"आणल्या नाहीत?"

त्याने सगळं सांगितलं. म्हातारीने जोडलेले हातही सांगितले. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"म्हणजे मामंजींनी विचारलं नाही आणि तुम्हीही नाही," ती म्हणाली. "त्यांनी तुमच्या बॅटऱ्या दिल्या. तुम्ही माझा खांदा दिलात."

 बापाने आपल्याला केलं तेच आपण हिला करून आलो, हे त्याला ती बोलेपर्यंत कळलंही नव्हतं, आणि आता कळल्यावर तोंड लपवायला घरात जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आधी चौकात गेला. टपरीवर तीच माणसं होती. झटक्याने चोरी केलेली नाही, मी खोटं बोललो, असं त्याने मोठ्याने सांगितलं. एकाने विचारलं, मग केली कुणी? थोरला पाठ फिरवून निघाला, आणि गावाला जे समजायचं ते समजलं. परत येताना त्याने लोखंडाची कडी आणि कुलूप आणलं. रिकाम्या पेटीच्या झाकणावर त्याने कडी ठोकली, सागवानात सरळ लोखंडी खिळे. म्हातारा एकेका खिळ्याला डोळे मिटत होता. किल्ली थोरल्याने बायकोच्या हातात दिली. तिने ती घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

ऊन वर चढलं. गिरणी बंद झाली, शिलाई मशीन बंद झालं. सोमवार जवळ येत होता आणि भिंतीशी टेकलेल्या खांबांच्या रांगेत मोठी फट होती. थोरल्याने दोराच्या लेथवर लाकूड चढवलं, दोराचा वेढा दिला, पटाशीला धार लावली आणि बसून राहिला. दोर ओढ, असं बायकोला म्हणायची त्याची छाती होत नव्हती.

तिने खुंटाळ्यावरून जुनं फडकं काढलं. थोरल्याला वाटलं, खांद्याला बांधतेय. तिने ते दोराच्या टोकाला गुंडाळलं, तळहात सोलवटू नयेत म्हणून. मग दाराशी गेली आणि दोराचं टोक म्हाताऱ्यापुढे धरलं.

"मामंजी, धरा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पाणी द्यावं तशी म्हणाली.

म्हाताऱ्याने थोरल्याकडे पाहिलं. बाबा, राहू द्या, हे शब्द थोरल्याच्या ओठांवर रोजचेच होते. बादली उचलताना, पायरी चढताना, जड फळी धरताना तो ते म्हणत आला होता. म्हातारा थांबला, ते म्हणायला तेवढा वेळ त्याने थोरल्याला दिला.

थोरल्याने पटाशी लाकडाला लावली आणि तिथेच धरून ठेवली.

मग म्हाताऱ्याने ओंडका पुढे सरकवला, पाय रोवले आणि दोर ओढला. लाकूड फिरलं. पहिला ढलपा निघाला, जरा जाड. म्हाताऱ्याने दोर सोडला, श्वास घेतला आणि पुन्हा ओढला. तो थांबला की थोरलाही थांबत होता, तो ओढू लागला की कातत होता. दुपारभर दोघे तो खांब करत राहिले.